शिऊरच्या संत बहिणाबाई

चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, दुबळ्यास छळूं नये, हें पहिल्या इयत्तेंतील मूलहि जाणतें. अशा प्रसंगीं वाट कोणती हें उघड असतें. पाऊल चुकलें तर तो मोहाचा दोष असतो. परंतु मनुष्याच्या आयुष्यांत कधीं कधीं याहून अवघड प्रसंग येतो. ज्या नियमांस आईबाप, गुरुजन, आप्तेष्ट आणि सगळा गांव धर्म म्हणून मानीत आला, ज्यांस आपणहि लहानपणापासून धर्मच समजत आलों, ते नियम एका बाजूस उभे राहतात. आणि दुसऱ्या बाजूस आपल्याच अंतःकरणांतून एक शांत पण न हटणारा आवाज उठतो. अशा वेळीं कोणाचें ऐकावें? मोठमोठ्या पंडितांस गोंधळांत पाडणारा हा प्रश्न सुमारें पावणेचारशें वर्षांपूर्वीं आपल्या मराठवाड्यांतील एका अल्पवयी मुलीपुढें उभा राहिला होता. तिचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आपल्या लोह्याहून पालमवरून पश्चिमेस गेलें म्हणजे गोदावरीकांठचें गंगाखेड लागतें. संत जनाबाईंचें हें जन्मस्थान आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें नामदेवांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पैठणचे एकनाथ कोणास ठाऊक नाहींत? परंतु मराठवाड्याच्या पार दुसऱ्या टोंकास, वैजापूर तालुक्यांतील शिऊर या गांवीं ज्यांची समाधि आहे, त्या संत बहिणाबाईंची ओळख आपल्या बाजूच्या विद्यार्थ्यांस तितकीशी नसते. बहिणाबाई म्हटलें कीं खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येतात. त्या थोर खऱ्याच. परंतु त्यांचा काळ १८८० ते १९५१ हा होय. आपल्या चरित्रनायिका त्यांच्या अडीचशें वर्षें आधींच्या, तुकारामांच्या शिष्या. आपल्या आयुष्याची हकीगत त्यांनीं स्वतः अभंगांत सांगून ठेविली आहे. जुन्या काळच्या एका स्त्रीनें स्वतःच्या मनांतील झगडा इतक्या उघडपणें लिहून ठेवावा, हीच मोठी दुर्मिळ गोष्ट आहे. पुढील वृत्तांत त्या आत्मनिवेदनाच्याच आधारें दिला आहे.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ च्या सुमारास, वेरूळच्या नजीक असलेल्या देवगांवीं झाला. हें गांव आज देवगांव रंगारी या नांवानें ओळखलें जातें व तें छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत आहे. पित्याचें नांव आऊजी व मातेचें जानकी. आऊजी गांवचे कुळकर्णी होते. तो काळ मोठा कठीण होता. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. तिकडे देहूस तुकारामांची पहिली पत्नी त्याच दुष्काळांत अन्नावांचून वारली. १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हातीं गेला आणि निजामशाही मोडकळीस आली. अशा धामधुमींत ही मुलगी वाढली.

ती तीन वर्षांची असतांना तिचें लग्न झालें. वर शिऊरचे गंगाधर पाठक. वय तीस वर्षें, प्रथम पत्नी वारलेली, वेदविद्येंत निपुण. तीन वर्षांचें मूल आणि तीस वर्षांचा गृहस्थ यांचा विवाह आज वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. पण त्या वेळीं यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. उलट मुलीचे हात वेळींच पिवळे केले म्हणून आईबापांनीं समाधान मानलें असेल. समाजाचा रिवाज एकदां धर्माच्या आसनावर बसला म्हणजे चांगल्या माणसांसहि त्यांतील अन्याय दिसेनासा होतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं येथेंच ध्यानांत घ्यावी.

बहिणा नऊ वर्षांची झाली आणि घरावर संकट कोसळलें. भाऊबंदांचा कलह विकोपास गेला, देणेंकऱ्यांचा तगादा लागला. जांवयाच्या सल्ल्यानें आऊजींनीं एके रात्रीं कुटुंबासह गांव सोडलें. पिढीजात घर, वतन, ओळखीचीं माणसें सारीं मागें राहिलीं. भिक्षा मागत हें कुटुंब पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असें फिरत फिरत शेवटीं कोल्हापुरास आलें. बहिणा तेव्हां अकरा वर्षांची होती. तेथें बहिरंभट नांवाच्या एका विद्वान ब्राह्मणाच्या घरीं त्यांस आसरा मिळाला.

कोल्हापूर हें पुराणांचें व कीर्तनांचें गांव. खेळण्याच्या वयांत मायभूमीस मुकलेल्या या मुलीचें मन तेथें भगवत्कथेंत रमलें. याच सुमारास कोणीं दान दिलेली एक कपिला गाय व तिचें वासरूं यजमानांकडून तिच्या पतीस मिळालें. तें वासरूं बहिणेच्या मागें मागें हिंडूं लागलें. ती पाण्यास गेली कीं तें पाठोपाठ जाई. ती पुराणास बसली कीं तें जवळ येऊन उभें राही. तिनें पाजल्याशिवाय तें पाणी पीत नसे. ज्या मुलीस बरोबरीची मैत्रीण नव्हती, तिला त्या मुक्या जिवाचा जिव्हाळा जडला.

त्या वेळीं कोल्हापुरांत जयरामस्वामी नांवाच्या सत्पुरुषाचीं कीर्तनें चालू होतीं. या कीर्तनांत ते देहूच्या तुकारामांचे अभंग म्हणत. छापखाना नव्हता, वर्तमानपत्रें नव्हतीं. तरी इंद्रायणीकांठचे शब्द माणसांच्या मुखानें पंचगंगेपर्यंत पोहोंचले होते. ते शब्द बहिणेच्या काळजास जाऊन भिडले. वेद ऐकण्याचाहि अधिकार ज्या स्त्रियांस नाहीं असें शास्त्री सांगत, त्यांतील एका मुलीस देवाची गोष्ट तिच्या स्वतःच्या भाषेंत प्रथमच ऐकावयास मिळाली. तिच्या मनानें तुकारामांस गुरु मानलें, आणि त्यांचें दर्शन व्हावें हा एकच ध्यास तिला लागला.

एके दिवशीं कीर्तनास फार दाटी झाली म्हणून लोकांनीं वासरास बाहेर हांकलून दिलें. तें बाहेर हंबरडा फोडूं लागलें व आंत बहिणा रडूं लागली. जयरामस्वामींस हें कळतांच त्यांनीं वासरास आंत आणविलें आणि त्याच्या व त्या मुलीच्याहि मस्तकावर प्रेमानें हात ठेविला. झालें! दुसऱ्या दिवशीं गांवांत तोच विषय. कोणी कौतुक केलें, कोणी नाकें मुरडलीं. ही वार्ता कोणीं तरी तिखटमीठ लावून गंगाधरपंतांच्या कानीं घातली. ते मूळचे तापट. त्यांनीं घरीं येऊन बहिणेस वेणी धरून निर्दयपणें मारिलें आणि मोट बांधावी तसें बांधून टाकिलें. आईबाप त्याच घरीं होते. पण पतीच्या अधिकारापुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. गाय व वासरूं यांनीं मात्र चाऱ्यास तोंड लाविलें नाहीं, असें बहिणाबाईंनीं लिहून ठेविलें आहे. पुढें थोड्याच दिवसांत तें वासरूं मेलें, आणि ती शोकानें बेशुद्ध पडली. त्या अवस्थेंत तिला तुकारामांचें स्वप्नांत दर्शन झालें व त्यांनीं आपणांस मंत्रोपदेश केला, असें ती सांगते.

आतां खरा पेंच उत्पन्न झाला. वाचकांनीं त्या काळचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत, नाहीं तर तिच्या मनाची ओढाताण कळणार नाहीं. पहिला नियम असा कीं, स्त्रीचा पति हाच तिचा देव व तोच गुरु. तिनें दुसरा गुरु करूं नये. दुसरा नियम असा कीं, ब्राह्मण हा सर्व वर्णांचा गुरु. त्यानें खालच्या वर्णाच्या माणसापुढें शिष्य म्हणून मस्तक नमवूं नये. तुकाराम जातीनें कुणबी, धंद्यानें वाणी. म्हणजे एका वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीनें एका कुणब्यास गुरु मानलें होतें, आणि तेंहि पतीची अनुज्ञा न घेतां. दोन्ही नियम एकाच वेळीं मोडले होते. त्यांत आणखी भर अशी पडली कीं, स्वप्नाची वार्ता पसरतांच लोक तिच्या दर्शनास येऊं लागले. जन्मभर वेद घोकलेल्या गंगाधरपंतांस हें सहन होईना. आपल्यापेक्षां आपल्या लहानग्या बायकोस मान मिळावा, आपणांस कोणी विचारूं नये, हें शल्य त्यांस टोंचूं लागलें. शेवटीं त्यांनीं ठरविलें कीं, हिला हिच्या आईबापांच्या स्वाधीन करून आपण तीर्थयात्रेस निघून जावें, पुन्हां हिचें तोंड पाहूं नये. बहिणा त्या वेळीं गरोदर होती. वय अद्याप विशीच्या आंतच होतें.

पतीनें टाकलेल्या स्त्रीचें त्या काळीं काय होत असे, हें निराळें सांगावयास नको. आईबाप स्वतःच परक्या गांवीं भिक्षेवर जगणारे. पोटांत मूल. समाज तर तिला दोषी ठरवूनच बसलेला. यावर उपाय अगदीं सोपा होता. तुकारामांचें नांव मीं टाकलें, स्वप्न तें भ्रमाचें होतें, एवढे दोन शब्द ती बोलली असती तर सर्व कांहीं मिटलें असतें. कोणीं तिला दोष दिला नसता; उलट पतिव्रता म्हणून गौरविलें असतें.

परंतु येथेंच तिच्या चरित्राचें मर्म आहे. पतिसेवा हा ढोंगी लोकांचा नियम आहे, असें तिला वाटतच नव्हतें. तो धर्म आहे असें ती अंतःकरणापासून मानीत होती. पुढें पतिव्रतेच्या कर्तव्यांवर तिनें स्वतः अभंग रचिले आहेत. म्हणजे तिचा झगडा बाहेरच्या शत्रूशीं नव्हता. ज्या धर्मावर तिची श्रद्धा तोच एका बाजूस, आणि ज्या सत्याची खूण तिला पटली तें दुसऱ्या बाजूस. स्त्रीजन्म देऊन देवानें आपणांस वेदास व मंत्रास पारखें केलें, अशी व्यथा तिनें बोलून दाखविली आहे. मी पापी तर नाहीं ना, हा प्रश्न तिनें स्वतःस पुनःपुन्हां विचारला. ज्याच्या मनांत असा प्रश्न उठत नाहीं त्याचें बंड पुष्कळदां नुसत्या हट्टाचें असतें. बहिणेनें तो प्रश्न टाळला नाहीं.

शेवटीं तिनें जो निश्चय केला तो असा. पतीची सेवा सोडावयाची नाहीं, त्यांचा द्वेष करावयाचा नाहीं. आणि जें सत्य म्हणून मनास पटलें आहे तें खोटें आहे असेंहि म्हणावयाचें नाहीं. मार खाऊनहि तिनें तुकारामांस नाकारलें नाहीं, आणि मार देणाऱ्याबद्दल मनांत सूडहि बाळगला नाहीं.

गंगाधरपंत निघण्याच्या तयारींत असतांनाच त्यांस ज्वर आला. औषध लागू पडेना, अन्न जाईना. सुमारें एक महिना ते अंथरुणास खिळून होते, आणि ज्या पत्नीस ते टाकून जाणार होते तीच रात्रंदिवस उशाशीं बसून होती. त्या दुखण्यांत त्यांच्या मनास पश्चात्ताप झाला. आपण एका साधूची निंदा केली, निरपराध मुलीस छळलें, त्याचेंच हें फळ, असें त्यांस वाटूं लागलें. ताप उतरला तेव्हां मनुष्य पालटला होता. पुढें जें घडलें तें शास्त्रार्थानें कधींच घडलें नसतें. ज्या कुणब्याचें नांव ऐकून त्यांचा संताप होई त्याच्याच दर्शनास ते वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण पत्नी, सासूसासरे व ती कपिला गाय यांसह देहूस निघाले.

देहूस बहिणाबाईंनीं आपले गुरु डोळ्यांनीं पाहिले. परंतु तेथेंहि सुख लगेच लाभलें नाहीं. मंबाजी गोसावी नांवाचे एक मठपति देहूस राहत. तुकारामांचा लौकिक त्यांस खपत नसे. त्यांनीं या कुटुंबास आपलें शिष्यत्व घेण्याचा आग्रह केला. आमचे गुरु तुकाराम आहेत, असें उत्तर मिळतांच त्यांचा क्रोध भडकला. शूद्राचें शिष्यत्व पत्करणाऱ्या या ब्राह्मणांस वाळींत टाकावें म्हणून त्यांनीं खटपट केली आणि त्या निरुपद्रवी गाईसहि चोरून नेऊन मारहाण केली. या खेपेस मात्र बहिणाबाई एकट्या नव्हत्या. जे पति एके काळीं नियमांच्या बाजूनें त्यांच्यावर हात उगारीत, ते आतां त्यांच्या शेजारीं उभे राहून तोच बहिष्कार सोशीत होते. देहूसच त्यांस काशीबाई नांवाची कन्या झाली. पुढें विठोबा नांवाचा पुत्र झाला.

तुकारामांच्या निर्याणानंतर बहिणाबाईंचें आयुष्य संसार, भजन व अभंगरचना यांत गेलें. ज्या प्रश्नानें कोवळ्या वयांत त्यांचा छळ केला, त्याचें उत्तर त्यांनीं प्रौढपणीं विचारपूर्वक दिलें. वज्रसूची नांवाचें एक संस्कृत प्रकरण आहे. ब्राह्मण कोणास म्हणावें, देहास, जन्मास, वर्णास कीं विद्येस, याची त्यांत परीक्षा केली आहे. त्याचा आशय बहिणाबाईंनीं मराठी अभंगांत उतरविला. ज्यास परब्रह्माची ओळख पटली तोच खरा ब्राह्मण, केवळ जन्मानें तो मान मिळत नाहीं, हें त्याचें सार होय. संस्कृत विद्येस अनधिकारी ठरविलेल्या एका स्त्रीनें तीच विद्या मराठींत आणून अधिकाराचाच प्रश्न विचारावा, यांत केवढें धैर्य आहे! आणि हें सर्व त्यांनीं रागानें न लिहितां शांतपणें लिहिलें.

शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० मध्यें, सुमारें बहात्तर वर्षांच्या वयांत त्यांनीं शिऊर येथें देह ठेविला. त्यांची कीर्ति पुढें महाराष्ट्राबाहेरहि गेली. अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनीं त्यांचें आत्मचरित्र व अभंग इंग्रजींत उतरवून १९२९ सालीं प्रसिद्ध केले. दूरदेशच्या वाचकांसहि त्या मुलीची व्यथा आपलीशी वाटली, कारण असा प्रसंग कोणत्याहि देशांत आणि कोणत्याहि धर्मांत मनुष्यावर येऊं शकतो.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रापासून काय घ्यावें आणि काय घेऊं नये, याचा विवेक करणें अवश्य आहे. वडीलधाऱ्यांचा प्रत्येक शब्द झुगारणें म्हणजे सदसद्विवेकबुद्धि, असें कोणी समजूं नये. अभ्यास टाळण्यासाठीं, चैनीसाठीं किंवा लहरीसाठीं नियम मोडणाऱ्यानें बहिणाबाईंचें नांव घेणें शोभणार नाहीं. आपल्या मनाचा आवाज खरा कीं खोटा, हें ओळखण्याची एक कसोटी त्यांच्या चरित्रांत सांपडते. खऱ्या आवाजाचें ऐकतांना त्रास आपल्या वांट्यास येतो, दुसऱ्याच्या नव्हे. आणि ज्यांच्याशीं मतभेद झाला त्यांच्याविषयींची माया तो आवाज मारून टाकीत नाहीं.

दुसरें असें कीं, मार निमूटपणें सोसावा हा धडा या चरित्रांतून कोणत्याहि मुलीनें घेऊं नये. गंगाधरपंतांचें तें वर्तन त्या काळींहि अन्यायाचेंच होतें. फरक इतकाच कीं, त्या मुलीस दाद मागण्यास जागा नव्हती. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. घरांत होणाऱ्या छळापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला आहे, आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानें मुलीच्या विवाहास १८ व मुलाच्या विवाहास २१ वर्षें पुरीं होणें आवश्यक ठरविलें आहे.

आणि पालकहो, एक शब्द आपणांसहि. आऊजी व जानकी यांस निर्दय कोणी म्हणणार नाहीं. त्यांनीं जें केलें तें सर्व जग करीत होतें म्हणून केलें. आपणहि मुलामुलींस पुष्कळ गोष्टी एवढ्याच कारणासाठीं करावयास लावितों कीं, चार लोक काय म्हणतील! कायदा होऊनहि आपल्या मराठवाड्यांतून बालविवाह समूळ गेलेले नाहींत. दहावीच्या आंतच एखाद्या मुलीची जागा वर्गांत रिकामी पडावी, यांतहि त्याच चार लोकांचा हात असतो. आपलें मूल एखादे दिवशीं नम्रपणें पण ठामपणें, हें मला बरोबर वाटत नाहीं, असें म्हणेल, तेव्हां हात उगारण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. गंगाधरपंतांस तें ऐकूं येण्यासाठीं महिनाभर तापानें फणफणावें लागलें. आपणांवर ती वेळ कशाला यावी?

शिऊरला जाण्याचा योग आला तर त्या समाधीपुढें क्षणभर उभे राहा. तेथें विसावलेल्या माउलीस एके काळीं घर नव्हतें, गांव नव्हतें, बोलण्याचा अधिकारहि नव्हता. तरी जें खरें वाटलें तें खोटें आहे असें तिच्या तोंडून कोणासहि वदवितां आलें नाहीं.